ओरिजनल, बाहेरचा, रिकंडिशन की जुना? इंजिनच्या बिघाडानुसार कोणता पार्ट घ्यावा

आधी माझा मूर्खपणा सांगतो. गाडी आयडलिंगला थरथरायला लागली, चढावर पिकअप घेईना आणि चेक इंजिनचा दिवा मधूनमधून मिचकायला लागला. कुणाला न विचारता मी चारही प्लग बदलले. दोन दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटली. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. मग एअर फिल्टर, मग ऑक्सिजन सेन्सर. सगळे पार्ट कंपनीच्या डब्यातले, अस्सल. बिघाड मात्र दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) होता आणि तो शोधायला एक रॅचेट आणि दहा मिनिटं पुरली असती.

म्हणून ‘ओरिजनल घेऊ की बाहेरचा’ हा प्रश्न दुसरा. नक्की काय गेलंय, हा पहिला.

दुकानात एकाच पार्टचे बरेच अवतार भेटतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला तो जेन्युइन. ज्याने तो बनवला त्याच्या स्वतःच्या डब्यातला, हा दुसरा. प्लग, कॉइल, सेन्सर या वस्तू गाडी कंपन्या बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनजीके यांच्यासारखे उत्पादक त्यांना पुरवतात आणि बाजारातही विकतात. तिसरा आफ्टरमार्केट, ज्यात उत्तम ते टाकाऊ असं सगळंच येतं. मग रिकंडिशन केलेला, म्हणजे जुनाच दुरुस्त करून विकलेला, आणि शेवटी भंगारातल्या गाडीतून काढलेला. यातून निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: तिथवर पोचायला किती खोलावं लागतं, आणि हा पार्ट गेला तर जाताना सोबत काय घेऊन जातो.

गाडी मिसिंग मारते: प्लग, कॉइल की इंजेक्टर?

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी०३०० किंवा पी०३०१, पी०३०२ असा कोड येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी टिकत नाही, इकडेतिकडे होतं. समजा पी०३०२ आला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून चौथ्यावर लावा, चौथ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. आता पी०३०४ आला तर कॉइल गेली. पी०३०२च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही कोड हलला नाही, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरातल्या दाबाकडे) वळायचं. एकही पार्ट विकत न घेता इथवर पोचता येतं.

प्लग हातात आला की निरखून बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक आहे. काळं, कोरडं, काजळीसारखं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. माझ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक उभी रेघ होती. नवे प्लग बसवताना मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ती स्पार्क बाहेरून पळाल्याची खूण होती. कॉइलच्या रबरी बूटमध्ये आतून तशीच वाट तयार झालेली असते, त्यामुळे नुसता प्लग बदलून भागत नाही. बूटही बदलावा लागतो.

खरेदीचं म्हणाल तर प्लगसाठी उत्पादकाच्या डब्यातला घ्यावा, तोच सर्वात शहाणपणाचा सौदा. साधा निकेलचा प्लग ३० ते ५० हजार किलोमीटर जातो, इरिडियमचा लाखाच्या आसपास. जिथे प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं, तिथे साधा प्लग घालणं म्हणजे तेच काम लवकरच पुन्हा करणं. प्लगमध्ये नकली माल फार फिरतो, त्यामुळे छपाई पुसट किंवा वॉशर सैल दिसला तर परत करा. कॉइल एकच गेली असेल तर एकच बदला, पण चांगल्या नावाची. अनोळखी स्वस्त कॉइल मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा पस्तावलो. जुनी कॉइल मात्र नको. तिचं किती आयुष्य उरलंय हे बाहेरून कळत नाही.

दिवा मिचकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं, आणि कॉइलच्या बिघाडात कन्व्हर्टर जातो.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं

इथे सर्वात जास्त पार्ट वाया जातात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर ही बातमी देतो, आणि लोक बातमी देणाऱ्यालाच बदलतात. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय ते. आयडलिंगला ट्रिम अधिक २०-२५ टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय. उलट जोर दिल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर. एमएएफ आधी त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा, तारेला बोट न लावता. निम्म्या वेळा नव्याची गरज पडत नाही, हा माझा अनुभव.

सेन्सर खरोखरच गेला असेल, उदाहरणार्थ पी०१३५ आला आणि मीटरवर हीटरची तारच तुटलेली निघाली, तर गाडीच्या कनेक्टरसकट येणारा, मूळ उत्पादकाचा घ्या. तारा कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर स्वस्त पडतो, पण बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांमधूनच मिळते. तिथे सोल्डर केलं की वाट बंद. एमएएफच्या बाबतीत जेन्युइन किंवा उत्पादकाचा. चांगल्या गाडीतून काढलेला जुना मूळ एमएएफसुद्धा मला अनोळखी नव्यापेक्षा बरा वाटतो.

पी०४२० आला की कन्व्हर्टर बदला म्हणून सांगतात. त्याआधी सायलेन्सरच्या पुढच्या भागात गळती आहे का आणि मिसिंग मिटलंय का ते बघा. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम कमी असतं, त्यामुळे तोच कोड काही महिन्यांत परत येऊ शकतो.

गाडी गरम होते

केव्हा गरम होते यावर सगळं आहे. गर्दीत, उभ्या उभ्या गरम होते आणि वेग घेतला की काटा खाली येतो? मग पंखा, त्याचा रिले किंवा मोटर. वेगातच गरम होते? मग पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर. इंजिन तापलंय आणि रेडिएटरकडे जाणारा पाइप थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून गरम पाण्यात सोडा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात आणि नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. थर्मोस्टॅट न घालता गाडी चालवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं. थर्मोस्टॅटमध्ये काटकसर कशाला? तो जेन्युइन घ्या.

वॉटर पंपाला एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटचा सुकलेला डाग उतरला असेल तर आतलं सील गेलं. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट, टेन्शनर, पंप एकदमच बदला, कारण मजुरी एकच आहे. बेल्टचं आयुष्य कंपनीनुसार साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर, किंवा ठरावीक वर्षं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतो. या सेटमध्ये जुना माल नको, अनोळखी नावही नको.

आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे. तिन्ही एकत्र असतील तर हेड उघडण्याआधी रसायनाची चाचणी करून घ्या: बाटलीतली वाफ निळ्या द्रवातून ओढायची, तो पिवळा पडला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय. हे करताना गरम झाकण उघडू नका. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पाण्याच्या वाफेनेही ती जमते.

गॅस्केट चांगल्या नावाचं घ्या. ताणून बसणारे हेड बोल्ट मात्र नवेच लागतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. हेड वाकलंय का हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासल्याशिवाय, गरज असल्यास फेसिंग (घासून सपाट करणं) केल्याशिवाय, कुठलंही गॅस्केट टिकणार नाही. गळती बुजवणारी बाटली मी गाडी विकायच्या लायकीचीही न उरल्यावरच ओतेन. ती रेडिएटर आणि हीटरही बुजवते.

धूर आणि इंजिनकाम

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ‘रिंगा गेल्या’ (पिस्टनच्या रिंगा झिजल्या) हा निकाल मान्य करण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनमधली वाफ बाहेर काढणारा) बदलून बघा, तो किरकोळ पार्ट आहे. मग कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर कमी दाखवणाऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागीच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. कॉम्प्रेशन चांगलं आणि सकाळी सुरू करतानाच भपकन निळा धूर येतो, तर व्हॉल्वचे सील; त्यासाठी पूर्ण इंजिन उघडायची गरज नसते.

रिंगाच गेल्या असतील तर ओव्हरहॉल (इंजिन उघडून झिजलेले भाग बदलणं) की दुसरं जुनं इंजिन? बॉडी आणि गिअरबॉक्स धडधाकट असतील, गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल आणि बोअरिंग करणारा कारागीर विश्वासाचा असेल, तर ओव्हरहॉल. एरवी जुनं इंजिन, पण कॉम्प्रेशन समोर मोजून घेतलेलं. आणि बसवण्याआधी, ते बाहेर आहे तोवर, बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं सील बदलून.

सेल्फ (स्टार्टर) आणि आल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) हा रिकंडिशनचा खरा प्रांत. आधी बॅटरी बघा: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीतही आकडा १२च्या घरात राहिला तर वायर आणि बेल्ट तपासून मगच आल्टरनेटर काढा.

कुठलाही पार्ट मागताना गाडीचं नाव आणि वर्ष पुरत नाही. चेसिस नंबर आणि जुन्या पार्टवरचा नंबर द्या. जुना पार्ट सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. कनेक्टरच्या पिना मोजा, बोल्टची भोकं जुळवा, पुलीच्या खाचा मोजा. एकदा माझ्या नव्या वॉटर पंपाला जुन्यापेक्षा एक भोक कमी निघालं, आणि ते मला कूलंट सांडून, रेडिएटर सोडवून, गाडीखाली आडवा झाल्यावर कळलं.