ए-३२० सिम्युलेटर: इमर्जन्सी डिसेंट उत्तम, मास्कचा माइक टुकार

टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एअरबस ए-३२० उडवायची परवानगी मिळवायला, दिल्लीजवळच्या या सेंटरवर होतो. क्लासरूम, कॅन्टीन, सगळं चारचौघांसारखं. लिहावंसं वाटलं ते इमर्जन्सी डिसेंटच्या, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब गेल्यावर विमान झपाट्याने खाली आणायच्या, सेशनबद्दल, कारण तिथे इन्स्ट्रक्टर सरांनी पैसे वसूल करून दिले.

प्रेशर जाणार हे आधी सांगून टाकलं की उरतं ते पाठांतर. मास्क चढवा, सीटबेल्टची खूण लावा, अल्टिट्यूड-हेडिंग-स्पीडचे (उंची, दिशा, वेग) नॉब फिरवून ओढा, स्पीडब्रेक (पंखांवरचे हवा अडवणारे पत्रे) पूर्ण बाहेर, दहा हजार फुटांवर लेव्हल. आमच्या सरांनी काहीच न सांगता हवा हळूहळू सोडली, तीही एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) बोलणं चालू असताना. ना धडाम आवाज, ना केबिनमध्ये धुकं. केबिन अल्टिट्यूडचा, म्हणजे आतली हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ आहे ते सांगणारा, आकडा तेवढा गुपचूप वर सरकत होता. २००५ साली हेलिओस या सायप्रसच्या कंपनीचं बोइंग ७३७ अथेन्सजवळ पडून १२१ माणसं गेली, तेव्हाही प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता आणि भोंगा वाजला तो वैमानिकांना टेकऑफ कॉन्फिगरेशनचा, म्हणजे उड्डाणाआधीची मांडणी चुकल्याचा, वाटला. ३५ हजार फुटांवर ऑक्सिजनशिवाय डोकं ठिकाणावर राहतं जेमतेम अर्धा ते एक मिनिट. म्हणून आधी मास्क, मग काय झालंय ते बघा, हा सरांचा हेका.

पुढच्या वेळी थेट दिल्ली-लेहच्या वाटेवर नेलं. खाली हिमालय, दहा हजारांवर उतरायची सोयच नाही, आणि प्रवाशांचा ऑक्सिजन साधारण पंधरा मिनिटांचा! वळायचं कुठे हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. त्यात सरांनी विमानाच्या सांगाड्याला इजा झाल्याची शंका घातली. मग खाली जायची कितीही घाई असो, वेग वाढवायचा नाही.

आता तक्रारी. उजव्या सीटच्या मास्कचा माइक खरखरतो. मास्क घालून एकमेकांशी बोलणं हाच या ड्रिलमधला अवघड भाग, तिथेच ही रड. रात्री दोनच्या स्लॉटनंतरचा डिब्रीफ (चुकांची उजळणी) तर उभ्याउभ्याच गुंडाळला. हायपोक्सियाचा (शरीराला ऑक्सिजन कमी पडण्याचा) अनुभव इथे मिळत नाही, पण तो दोष सेंटरचा नाही; त्याला बेंगळुरूला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये आहे तसा हवा विरळ करणारा चेंबर लागतो.

पाचपैकी चार. बुकिंग करतानाच लेहचं सेशन मागून घ्या, नाहीतर मुंबई-दिल्लीवर भागवतात.