बॉस्टनची वेळ काढायची तर बर्लिन की व्हॅलेन्सिया?

बॉस्टन मॅरेथॉनला प्रवेश हवा तर आधी दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये आपल्या वयोगटाच्या निकषात बसणारी वेळ काढावी लागते. ती युरोपात जाऊन काढायची एवढं ठरलं, की बहुतेकांची यादी दोन नावांपाशी येऊन थांबते. सप्टेंबरअखेरचं बर्लिन, नाहीतर डिसेंबरच्या पहिल्या रविवारचं व्हॅलेन्सिया. मी दोन्ही धावलो आहे, पुण्यात राहून, नोकरी सांभाळून. माझा गट पुरुष ४५ ते ४९, म्हणजे कागदावर निकष ३:१५, तीन तास पंधरा मिनिटं. पण कागदावरच्या वेळेवर बॉस्टन मिळत नाही. २०२६ साठी साठीच्या आतल्यांचे निकष पाच मिनिटांनी कडक केले, तरी प्रवेश मिळाला तो निकषापेक्षा ४ मिनिटं ३४ सेकंद लवकर आलेल्यांनाच. आदल्या वर्षी हीच फट ६ मिनिटं ५१ सेकंदांची होती. तेव्हा ३:१० च्या आत येण्याच्या तयारीनेच जायचं, हे धरून पुढे वाचा.

रस्त्यावरून निवड करायला गेलात तर फसाल, कारण फरकच नाही. २०२२ मध्ये केनियाच्या एलिउड किपचोगेने बर्लिनला २:०१:०९ चा विश्वविक्रम केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचाच देशबंधू केल्व्हिन किप्टम आयुष्यातली पहिली मॅरेथॉन व्हॅलेन्सियात २:०१:५३ मध्ये धावला. तुमच्या-माझ्या पायांना दोन्हीकडे चढ म्हणावा असा काही लागत नाही. व्हॅलेन्सिया समुद्राकाठी आहे, वारा सुटला तर तो लागतो. बर्लिनला २८ व्या किलोमीटरच्या सुमारास विल्डर एबरच्या चौकात इतका कल्ला असतो की पाय आपोआप सुटतात. तिथे मनावर आणि घड्याळावर दोन्हीवर लक्ष ठेवावं.

भावनेचं म्हणाल तर बर्लिनच्या जवळपास कोणी येणार नाही. ३० सप्टेंबर १९९० ला, जर्मनी एक व्हायला तीन दिवस उरले असताना, ही शर्यत ब्रांडेनबुर्ग गेटमधून पूर्वेकडे गेली होती. आज शेवटच्या टप्प्यात त्याच कमानींखालून आपण बाहेर पडतो आणि समोर फिनिश दिसते. व्हॅलेन्सियाची फिनिशही देखणी आहे, पाण्यावर टाकलेल्या निळ्या मार्गावर, वास्तुविशारद कॅलात्राव्हाच्या पांढऱ्या इमारतींच्या मधोमध. फोटो छान येतात. पण अंगावर काटा येतो तो बर्लिनलाच. फक्त बर्लिनला बहुतेकांचं नाव आधी सोडतीत निघावं लागतं, आणि ते आपल्या हातात नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला ती सांगतो. तिचा या दोन्ही शहरांशी काही संबंध नाही.

बर्लिनची सोळा आठवड्यांची तयारी म्हणजे बरोबर मृगापासून हस्तापर्यंत. सगळा पावसाळा. पावसात धावायला मजा येते हे मलाही मान्य आहे, पण ती दहा किलोमीटरची मजा. तीस किलोमीटरच्या लाँग रनमध्ये शेवटचे बारा टार्गेट पेसने, म्हणजे शर्यतीत दर किलोमीटरला जेवढा वेळ घ्यायचा त्याच वेगाने, धावायचे असतात, आणि जुलैत एनडीए रोडला किंवा पाषाणला पहाटे अंधारात समोरचं डबकं चार बोटं खोल आहे की घोट्याएवढं, हे पाय घातल्याशिवाय कळत नाही. मग आपण नकळत पाऊल आखडतो. पेस पाच-सात सेकंदांनी घसरतो आणि तो घसरला ते दमामुळे की रस्त्यामुळे, हे घरी येऊन सांगता येत नाही. शर्यतीचे कार्बन प्लेटचे महागडे बूट ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर घसरतात, म्हणून ते कपाटात आणि आपण जुन्या जोडावर. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मोजे भिजतात, पंधराव्याला फोड. मंगळवारच्या इंटरव्हलपर्यंत, म्हणजे थांबत थांबत जोरात धावण्याच्या सरावापर्यंत, बूट वाळलेले नसतात, आत कितीही वर्तमानपत्रं कोंबा. बर्लिनच्या स्टार्टला उभा राहिलो तेव्हा दम भरपूर होता, पण माझा खरा पेस कोणता हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. वेळ काढायला निघालेल्या माणसाला एवढी एकच गोष्ट पक्की माहीत असावी लागते.

व्हॅलेन्सियाची तयारी ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. सुरुवातीचे सोपे आठवडे पावसात जातात, जाऊ देत. पेसचे लाँग रन येतात ते ऑक्टोबरात, रस्ते कोरडे झाल्यावर. ऑक्टोबर हीट आहेच. साडेचारला बाहेर पडावं लागतं आणि सातनंतर ऊन टोचतं. मुंबई-ठाण्याच्या मंडळींना तर घामाने हैराण व्हायला होईल, त्यांचं गणित वेगळं असू शकतं. पण पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे नोव्हेंबरची पहाट लागली की तोच पेस आठ-दहा ठोके कमी हृदयगतीत निघायला लागतो, आणि तो विश्वास घेऊन विमानात बसता येतं. शर्यतीच्या सकाळी व्हॅलेन्सियात आपल्या पहाटेपेक्षा थोडी जास्तच थंडी असते. बर्लिनचा सप्टेंबर मात्र लहरी. २०२५ ला तिथे चांगलंच तापलं होतं.

तारखांचा हिशोब मांडला तरी बर्लिनला आघाडी मिळत नाही. बॉस्टनची नोंदणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकते, बर्लिन त्यानंतर. म्हणजे २०२६ मधली बर्लिनची वेळ काय आणि व्हॅलेन्सियाची काय, दोन्ही २०२८ च्या एप्रिलमधल्या बॉस्टनलाच कामी येणार. वयही बॉस्टनच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे ४४ संपत आलेल्यांनी गट नीट पाहून घ्यावा. बर्लिनला एक फायदा जरूर आहे: तिथे हुकलं तर वर्षभरात आणखी दोनदा प्रयत्न करायला सवड राहते. आणि तुम्ही जर्मनीत किंवा इंग्लंडात राहत असाल तर माझा पावसाळा तुम्हाला लागूच नाही, खुशाल बर्लिनला जा.

जेवणाचं थोडक्यात. व्हॅलेन्सिया भाताचा प्रदेश आहे, शेजारच्या अल्बुफेराच्या पाणथळीत पिकतो. आदल्या दिवशी भात शोधत फिरावं लागत नाही. शाकाहारी असाल तर तो कशाच्या रश्श्यात शिजवलाय ते विचारा. इथल्या प्रसिद्ध भाताच्या, पायेयाच्या, मूळ पाककृतीत कोंबडी आणि ससा असतो.

सण दोन्हीकडे आडवे येतात. २०२६ ला अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि बर्लिन २७ ला, म्हणजे बाप्पाला घरच्यांवर सोपवून निघायचं. व्हॅलेन्सियाच्या वाटेत दिवाळी आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, नेमकं सर्वांत मोठ्या लाँग रनच्या रविवारी. तो रन शनिवारी उरकून टाका, रविवारी फराळाला कोणाला नाही म्हणावं लागणार नाही.