धुऱ्यावरची झाडं की ग्रामसभेचा बांबू?

धानाची चुरणी (मळणी) आटोपली की गडचिरोलीतल्या आमच्या धानोरा तालुक्यात तोडणीवाल्यापुढे होळीपर्यंत दोन कामं असतात. शेतकऱ्याच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झाडं उक्त्याने (ठोक रकमेत) घ्यायची, नाहीतर ग्रामसभेच्या बांबू कटाईवर जायचं. मी दोन्ही केली आहेत.

उक्त्यात हिशेब जमला तर पैसा जास्त, हे मान्य. कागदांचं असं आहे: ऐन, आंबा, मोह, जांभूळ १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत, म्हणजे तोडायला एक परवानगी, न्यायला दुसरी. तो त्रास मी धरत नाही, कागद उशिरा का होईना मिळतात.

मला नडली ती लाखोळी, लाखेच्या डाळीचं पीक. धान उभं असतानाच बांधीत (धानाच्या वाफ्यात) ती फेकलेली असते, धान कापलं की हिरवीगार वर येते. झाड पडतं धुऱ्यावर आणि ट्रॅक्टर उभा राहतो रस्त्यावर, कारण मधल्या चार बांध्या चौघांच्या. उभ्या पिकातून चाक कोण जाऊ देईल? त्यांचं चुकतही नाही. दोन वर्षांपूर्वी मी तीन ऐन आणि एक आंबा घेतला, अर्धे पैसे आधीच मोजले. डोक्यावर निघेल तेवढं जळाऊ काढलं. वाकडे ओंडके लाखोळी निघेपर्यंत तिथेच पडून राहिले, रोज सकाळी त्यांच्या भेगा वाढलेल्या दिसायच्या. झाड घेतलं होतं ओलं, नजरेच्या अंदाजाने. विकलं गेलं वाळलेलं, काट्यावर. त्या हिवाळ्याची मजुरी वजनातच गेली.

बांबू नगावर मोजतात. पंधरा दिवस पडला तरी नग तेवढेच. खांद्यावरून गाडीवाटेपर्यंत आणला की आपलं काम झालं. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क मिळाला, आणि आता सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क) असलेल्या बऱ्याच गावांत परवाना गावातच फाडला जातो. हात मात्र जपून चालवावा लागतो. यंदाचा कोवळा बांबू सोडायचा, बेटात निदान आठ पक्के बांबू राखायचे, घाव पेराच्या लगेच वर घालायचा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. घाईने तोडणाऱ्यांनी उजाड केलेली बेटं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

अडचणी इथेही आहेत. कटांग या काटेरी बांबूचे काटे हात फाडतात. व्यापाऱ्याने माल उचलेपर्यंत पैसे थांबतात. वाघामुळे ऊन वर आल्याशिवाय जंगलात शिरता येत नाही, एकट्याने तर नाहीच, त्यामुळे दिवस आखूड पडतो.

झाड रस्त्याला लागून असेल आणि दोन महिने पैसा अडकवण्याची ताकद असेल, तर उक्ता घ्यायला माझी ना नाही. फक्त सौद्याआधी झाडापासून रस्त्यापर्यंत पायी चाला आणि मधल्या बांध्यांत काय उगवलंय ते बघा. यंदा मी दोन सौदे असे चालून पाहिले आणि सोडले. सोमवारपासून बांबूवर जातोय.