टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? नागपूरच्या उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत वापरून पाहिल्यावर

मे महिन्यापासून दोन बाईक आणि एक आरसी (रिमोटवर चालणारी) बग्गी आलटूनपालटून पळवतोय. बाईकमध्ये डर्टसाठी (मातीवर पळवायला) तयार केलेली जुनी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० आणि हिरोची फोर-स्ट्रोक एक्सपल्स २०० ४व्ही. बग्गी १/८ स्केलची (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढी), नायट्रो नावाच्या खास इंधनावरची, ३.५ सीसी, म्हणजे टू-स्ट्रोकच. आता थंडी सरत आली, तिन्ही ऋतू बघून झाले. भेटेल तो विचारतो, "भाऊ, भारी कोणती?" बाईकला माझं उत्तर एक आहे, बग्गीला दुसरं.

आरएक्स ९८ सीसी, ११ बीएचपी. एक्सपल्स १९९.६ सीसी, जवळपास १९ बीएचपी. सीसी दुप्पट, मग ही कसली तुलना, असं म्हणणारे असतातच. पण मोटोक्रॉसच्या (मातीवरच्या बाईक शर्यतींच्या) नियमांतही साधारण हाच हिशोब आहे: १२५ च्या टू-स्ट्रोकसमोर २५० ची फोर-स्ट्रोक, २५० समोर ४५०. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला चार्ज (हवा-इंधनाचं मिश्रण) पेटतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधली मोटोक्रॉस) डग हेन्री हा अमेरिकन रायडर यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकला, १९९८ ला यामाहाची वायझेड४००एफ बाजारात आली, आणि पुढच्या काही वर्षांत वरच्या वर्गातून टू-स्ट्रोक जवळपास बाहेर पडली.

का बाहेर पडली ते हिंगण्याकडच्या मुरमावर लगेच कळतं. वळणातून निघताना एक्सपल्सला नुसता गॅस दिला की मागचं चाक पकडून चालतं. आरएक्सला क्लच दाबून आरपीएम वर ठेवावा लागतो. जरा खाली आला की गाडी गप्प, आणि पॉवर आली की एकदम येते. पावसाळ्यात काळ्या मातीत तर फरक फारच जाणवतो, कारण पॉवर धक्क्याने आली की चाक जागच्या जागी फिरतं आणि चिखल गुंडाळतं. उतारावर फोर-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंग (गॅस सोडला की इंजिनच वेग आवरतं) मदतीला असतं, आरएक्स मोकळी सुटते. मात्र आडवी झालेली आरएक्स एका हिसक्यात उभी होते. एक्सपल्स दीडशे किलोच्या वरची, तिसऱ्यांदा उचलताना कंबर बोलायला लागते.

आता बग्गी, आणि खरी मजा इथेच आहे. हे इंजिन ३० हजार आरपीएमच्या वर जातं. एवढ्याशा जागेत व्हॉल्व्ह, कॅम, रॉकर बसवून त्या वेगाने फिरवणं परवडणारं नाही, म्हणून नायट्रो रेसिंग बग्ग्यांत टू-स्ट्रोकच. आरसी विमानांत फोर-स्ट्रोक चालतात, तिथे कमी आरपीएमवर मोठा प्रोपेलर फिरवायचा असतो. ३.५ सीसीत फोर-स्ट्रोक असती तर, हा वाद मला तरी फुकटचा वाटतो.

पण या इंजिनाला हवामान सांगावं लागतं. मे महिन्यात ४५ अंशांत हवा विरळ, तीच नीडल (इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) रिच पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, मागून निळसर धूर आणि सरळ रस्त्यावर गुरगुर. नीडल घड्याळाच्या पाच मिनिटांएवढी घट्ट केली की आवाज मोकळा होतो. डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांत उलटं: हवा दाट, मिश्रण लीन, म्हणून नीडल उघडायची. लोक उन्हाळ्याला घाबरतात, पण मे मधल्या सेटिंगवर थंडीत पळवलेलं इंजिन जास्त लवकर मरतं. लीन म्हणजे इंधन कमी, आणि तेल इंधनातूनच येतं. टेम्परेचर गन नसेल तर कूलिंग हेडवर (इंजिनाच्या डोक्यावरच्या पात्यांवर) पाण्याचा थेंब टाका. चर्रकन उडाला तर लगेच थांबवा, बसून राहिला तर अजून रिच आहे. सावकाश उकळून गेला की ठीक. माझं इंजिन ११० अंशांच्या आसपास खूश असतं.

आरएक्सच्या कार्ब्युरेटरचंही तेच, फक्त नखरे कमी. एक्सपल्सला फ्युएल इंजेक्शन, तिला मे काय नि डिसेंबर काय.

देखभालीत गंमत उलटी होते. आरएक्सचं तेल आपोआप सोडणारं ऑइल पंप काढलंय, पेट्रोलच्या लिटरला २५ मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) हातानेच मिसळतो. हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंग एवढं तर मिस्त्री दुपारच्या चहापर्यंत खोलून परत बसवतात. पार्ट मात्र शोधावे लागतात, गाडी १९९६ लाच बंद झाली, आणि ओरिजिनल म्हणून मिळणारा पिस्टन ओरिजिनल असेलच असं नाही. एक्सपल्सला तेल, फिल्टर, चेन, बस. पण वरचं इंजिन उघडायची वेळ आली तर व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेनसकट बिल येईल, तयारी ठेवा.

बग्गीला खरा जाच इंधनाचा. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं ते मिश्रण ज्वालाग्राही, विमानाने पाठवत नाहीत, डबा रस्त्याने येईपर्यंत वाट बघा. शिवाय मिथेनॉल ओलावा ओढतं. टाकीत तसंच राहू दिलं तर बेअरिंगला गंज. संध्याकाळी टाकी रिकामी करून उरलेलं जाळून टाकायचं आणि कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार थेंब. कितीही दमलेलो असलो तरी हे टाळत नाही.

नवीन शिकणाऱ्याने मातीवर फोर-स्ट्रोकच घ्यावी. आरएक्स मी विकणार नाही, पण रविवारी चावी एक्सपल्सचीच उचलली जाते. पुढची आरसी १/५ स्केलची घेणार, २६ सीसी. तीही टू-स्ट्रोकच, पण साध्या पेट्रोलमध्ये टूटी ऑइल टाकून चालते, म्हणजे नायट्रोच्या डब्याची वाट बघायला नको.