दिवाळीतली डॅन्यूब क्रूझ: सात महिन्यांनी लिहितोय

परत आल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. तेव्हा सगळंच चकाकत होतं. आता मे संपत आला, क्रेडिट कार्डाचे हप्तेही फिटले. कोणी "कशी झाली क्रूझ?" विचारलं की तोंडून आपोआप काय बाहेर पडतं, याकडे मी हल्ली लक्ष ठेवून असतो. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याचं नाव एकदाही निघालेलं नाही. लॉकचं, म्हणजे बंधाऱ्याशेजारी जहाज वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्याचं, मात्र दर वेळी निघतं आणि ही दर वेळी म्हणते, "झालं, पाटबंधारे खातं सुरू झालं."

आधी हिशेब. लक्ष्मीपूजन आटोपून त्याच रात्री मुंबईहून निघालो. बुडापेस्टला दोन रात्री स्वखर्चाने हॉटेल, मग सात रात्री जहाज: ब्रातिस्लाव्हा, व्हिएन्ना, ड्युर्नश्टाइन, मेल्क, लिंझ आणि जर्मनीतलं पासाऊ. चार देश, पण शेंगेन व्हिसा एकच. विमान, व्हिसा, विमा धरून दोघांचे पावणेसात लाख गेले. जाहिरातीत "सर्वसमावेशक" होतं, तरी शेवटच्या रात्री टिप्सचं पाकीट खोलीत आलं. माणशी रोजचे बारा युरो, "ऐच्छिक". न देणारा प्रवासी मला तरी दिसला नाही. ती रक्कम आधीच धरून ठेवा.

बुडापेस्टच्या त्या दोन रात्री हा आमचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो घेतला हिने. २३ ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे भाऊबीज आणि तिकडे १९५६ च्या उठावाचा स्मृतिदिन. मोठी दुकानं बंद, १८९७ सालचं ते भव्य मार्केट हॉलही बंद. मनातून मी चरफडलो. पण संसदेसमोरच्या चौकात मधोमध भोक पाडलेला झेंडा फडकत होता. उठावात लोकांनी झेंड्यावरचं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कापून काढलं होतं, त्याची ही आठवण. तिथून चालत नदीकाठी गेलो तर काठाच्या दगडावर लोखंडी बूट मांडलेले. साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभं करून, आधी बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. त्यांचं हे स्मारक २००५ मधलं. एका लहान मुलाच्या बुटात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात पिवळं पान तरंगत होतं. ही खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या गाइडेड टूरमध्ये हेच बूट बसच्या खिडकीतून आले आणि गेले. कानातल्या यंत्रात गाइडबाई सांगत होती, "डावीकडे पाहा," आणि बघेपर्यंत बस पुढे. मग फिशरमन्स बॅस्टिअन या टेकडीवरच्या सज्जावर वीस मिनिटं, त्यातली आठ स्वच्छतागृहाच्या रांगेत. गाइड हुशार होती, तिला दोष नाही. तीस माणसं, एक बस आणि दीड वाजता जेवण असल्यावर ती तरी काय करणार?

रात्री दिवे लागलेल्या संसदेसमोरून जहाज निघतं, ते फोटोत दिसतं तसंच आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

आता नदी. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीची शेवटची दहा वर्षं सांगलीत काढली, त्यामुळे माझं मत एकांगी आहे हे आधीच कबूल करतो. काठाला किलोमीटरच्या पाट्या आहेत आणि त्या काळ्या समुद्राकडच्या मुखापासून मोजलेल्या. आपला कालव्याचा साखळी क्रमांक, म्हणजे अंतराचा आकडा, कालवा सुरू होतो तिथे शून्य धरून पाण्याबरोबर वाढत जातो. इथे उलटं: बुडापेस्ट १६४७, पासाऊ २२२६, म्हणजे आम्ही सगळा वेळ चढणीवर. ही चढण जहाज पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. बुडापेस्ट ते पासाऊ अकरा बंधारे आणि प्रत्येकाला लॉक. आपल्या धरणांसारखा चार महिन्यांचा पाऊस साठवून ठेवायचा प्रकार बहुतेक ठिकाणी नाही. येईल तेवढं पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचं, वीज काढायची, आणि जहाजांना बाजूच्या लॉकमधून वर-खाली करायचं. पंप नाही, काही नाही. झडपा उघडल्या की वरचं पाणी तळातून आत शिरतं आणि जहाज उचललं जातं.

स्लोव्हाकियातल्या गाब्चिकोव्होला सुमारे वीस मीटर चढलो, तेही भर दुपारी, सगळे डेकवर मोबाइल काढून. पण लक्षात राहिलं ते व्हिएन्नाच्या तोंडाशी असलेलं फ्रॉयडेनाऊ. रात्री अडीचला जाग आली, कारण इंजिनाचा आवाज बदलला होता. पडदा सरकवला तर बाहेर नदी नाही, भिंत. हात लांब केला असता तर लागली असती इतकी जवळ. ओलं काँक्रीट, शेवाळाचे पट्टे, एक गंजकी शिडी आणि विहिरीत वाकल्यावर येतो तसा वास. मग शिडीची एकेक पायरी हळूहळू खाली जायला लागली. म्हणजे आम्ही वर जात होतो, पण अंगाला काहीच कळत नव्हतं, नुसती पायऱ्यांची मोजदाद. सतराव्या की अठराव्या पायरीला एकदम वरच्या दिव्याचा पिवळा उजेड खोलीत पडला आणि ही कूस बदलून म्हणाली, "आलं का व्हिएन्ना?"

त्याच रात्री युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. हिच्या मोबाइलने आपलं आपण जमवून घेतलं, माझ्या एचएमटीला कोण सांगणार? नाश्त्याला सातच्या ठोक्याला हजर झालो तर दार बंद, आणि बाहेर माझ्यासारखेच दोन हातघड्याळवाले म्हातारे एकमेकांकडे बघत उभे.

गंमत बाजूला ठेवू, कारण या एका तासाची किंमत आम्ही पुढे मोजली. वाखाऊ, म्हणजे क्रेम्स ते मेल्क हा पस्तीसेक किलोमीटरचा पट्टा, या सफरीचा गाभा. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या दगडी पायऱ्यांची शेतं आणि टेकड्यांवर पडके किल्ले. २००० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. इथे धरण बांधलेलं नाही, नदी मोकळी वाहते. त्या दिवशी सकाळी दाट धुकं, त्यामुळे जहाज उशिरा पोचलं. ड्युर्नश्टाइनला इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ मध्ये कैद केलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी फिरलो, 'श्टुर्म' म्हणजे अर्धवट आंबलेला गढूळ नवा द्राक्षरस प्यालो. गोडसर लागतो म्हणून दुसरा पेला घेऊ नका, पोटाने ऐकवलं. निघायला तीन वाजले आणि पावणेपाचला सूर्य मावळला. श्पिट्झपर्यंतचे मळे सोन्यासारखे दिसले. त्यानंतर लाउडस्पीकरवर "उजवीकडे विलेनडॉर्फ, डावीकडे आगश्टाइनचा किल्ला" ऐकू येत होतं आणि आम्ही काळ्या डोंगराच्या काळ्या कडेकडे बघत होतो. विलेनडॉर्फला सापडलेली अकरा सेंटिमीटरची आदिमाया, म्हणजे अश्मयुगातली स्त्रीमूर्ती, आदल्याच दिवशी व्हिएन्नाच्या संग्रहालयात पाहिली होती, म्हणून ती जागा पाहायची फार इच्छा होती. कंपनीने त्या संध्याकाळी सगळ्यांना केक दिला. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांचं बंधन नसेल तर दिवाळीची तारीख सोडा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा. पानांचा रंग थोडा कमी मिळेल, पण उजेड दीड-दोन तास जास्त मिळेल.

व्हिएन्नाबद्दल: "शहराच्या हृदयात मुक्काम" असं पत्रकात होतं. जहाज लागतं राइशब्रुकच्या पुलाशी, तिथून जुनं शहर चालत जाण्यासारखं नाही. पण मेट्रो पाच-सात मिनिटांवर आहे. फोरगार्टनश्ट्रासेला यू-१ पकडा, चौथं स्टेशन श्टेफान्सप्लात्झ, थेट जुन्या शहरात. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन, वर रविवार. हेल्डेनप्लात्झ चौकात लष्कराचे रणगाडे आणि हेलिकॉप्टरं मांडलेली, पोरं त्यांवर चढलेली, रस्ते वळवलेले. टूरची बस रिंगरस्त्याच्या अर्ध्यातून परत फिरली. आम्ही उतरून घेतलं आणि भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन दिवसभर पायी भटकलो. शॉनब्रुन दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. १४४१ खोल्या आहेत म्हणे. दाखवतात त्यातल्या चाळीसेक आणि मला आठवतात दोन.

खोलीवरून घरात अजून मतभेद आहे. खालच्या मजल्याची खोली, जिथे खिडकी पाण्याच्या जरा वर असते, ती सत्तर हजारांनी स्वस्त होती. आम्ही मधल्या मजल्याची सरकत्या काचेची घेतली. व्हिएन्नात धक्क्यावर जहाजं एकमेकांना चिकटून लावतात, त्यामुळे दोन दिवस आमच्या काचेसमोर दुसऱ्या जहाजाची काच आणि तिच्यात दात घासणारे एक गृहस्थ. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात केला, मीही केला. थंडीमुळे काच एरवी बंदच. हिचं म्हणणं सत्तर हजार पाण्यात गेले. माझं म्हणणं फ्रॉयडेनाऊची भिंत.

जेवण शाकाहारी सांगून ठेवलं होतं. पहिले दोन दिवस उकडलेली ब्रोकोली आणि पास्ता. तिसऱ्या दिवशी हिने वाढप्याला गाठून शांतपणे सांगितलं की आम्ही आजारी नाही, शाकाहारी आहोत. मग लाल भोपळ्याचं सूप आलं, वर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल. असं सूप पुन्हा प्यायला मी तयार आहे. तरी लसणाची चटणी आणि चकल्या न्याच. टेबलावरच्या ऑस्ट्रेलियन जोडप्याने डबा निम्मा रिकामा केला.

हाइनबुर्गबद्दल जहाजावरच्या व्याख्यानात ऐकलं. व्हिएन्नाच्या खाली तिथे आणखी एक बंधारा व्हायचा होता. डिसेंबर १९८४ मध्ये हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत जंगलात जाऊन बसली आणि काम थांबलं. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आयुष्यभर धरणाच्या बाजूने बोललेल्या माणसाला हे ऐकताना खुर्चीत जरा सावरून बसावं लागतं.

शेवटी पासाऊ. डॅन्यूब, इन आणि इल्झ, तीन नद्या तीन रंगांनी येऊन मिळतात. नगरपालिकेच्या मनोऱ्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा केल्या आहेत. १९५४ ची माझ्या डोक्याच्या बरीच वर, २०१३ ची त्याहून वर. २०१३ ला पातळी १२.८९ मीटरला गेली होती, १५०१ नंतर प्रथमच एवढी. मी तिथे खांबासारखा उभा राहिलो, कारण डोळ्यांसमोर सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल आला. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर. फोटो काढून सांगलीतल्या जुन्या सहकाऱ्याला पाठवला. मिनिटात उत्तर आलं: "साहेब, उतरायला किती दिवस लागले?" गाइडला विचारावं म्हणून मान वर केली, तर तिच्या हातातली सात नंबरची पाटी कोपऱ्यावरून वळत होती.