फिनिक्सचा ‘अल्फा झुलू’: कित्येक महिने ऐकल्यानंतर

दहा गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या फिनिक्स या रॉक बँडचा हा सातवा अल्बम २०२२ च्या नोव्हेंबरात आला. चाली पहिल्याच दिवशी तोंडात बसतात, आणि लगेच प्रश्न पडतो, हे आधी कुठे ऐकलंय? यांच्याच २००९ च्या ‘वोल्फगांग अमाडेयस फिनिक्स’मध्ये. त्या ओळखीच्या आवाजातलं काय टिकतं आणि काय विरतं, हे कळायला मात्र काही महिने जावे लागतात.

दुसरं गाणं ‘टुनाइट’ घ्या. बेस गिटार न थांबता धावते, तिच्यावर ड्रम्सचा कोरडा, आखूड ठोका, गिटारचे तोडून वाजवलेले तुकडे आणि सगळ्यांच्या वर गायक थॉमस मार्सचा उंच, फारसा न थरथरणारा आवाज. मांडणी तीच जुनी. पण व्हॅम्पायर वीकेंड या अमेरिकन बँडचा गायक एझ्रा केनिग साथीला येतो आणि दोन आवाजांच्या पोतातला फरक दर वेळी सुखावतो. हे गाणं अजून शिळं झालेलं नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकून मत मात्र बनवू नका. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झच्या आसपासचा सूर निघतो. एवढ्याशा स्पीकरला तो पेलत नाही, वरचे उपसूर तेवढे कानावर पडतात. पायाच गेल्यावर उरतो कीबोर्डचा चकचकाट, आणि गाणं आहे त्यापेक्षा सरधोपट वाटतं. वायरचे साधे हेडफोन पुरेत. इक्वलायझरवर बेस चढवू नका, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांत मिसळून गिचमिड होते.

अॅपमधलं शफल (गाण्यांचा क्रम बदलणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) आधी बंद करा. कारण पाचवं गाणं, ‘विंटर सॉल्स्टिस’. चार नाचऱ्या गाण्यांनंतर वेग एकदम ओसरतो, सिंथेसायझर संथ घुमत राहतो आणि मार्स जवळजवळ स्वतःशीच पुटपुटतो. आधीच्या गाण्याची शेपटी त्यावर चढली तर ही उतरण हातची जाते. अल्बमचं बहुतेक काम पॅरिसमध्ये, लूव्रच्या इमारतीतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात झालं. हे गाणं मात्र महामारीत, मार्स अमेरिकेत आणि बाकीचे तिघे पॅरिसमध्ये असताना रचलेलं. ते अंतर ऐकू येतं. अख्ख्या अल्बममध्ये जुन्या फिनिक्सची आठवण न करून देणारं गाणं हेच, आणि सर्वांत जास्त वेळा परत लावावंसं वाटतं तेही हेच.

उत्तरार्ध कमी पडतो. ‘सीझन टू’ आणि ‘माय एलिक्सर’ गोड आहेत, पण दोन-तीन आठवड्यांत पुसट होतात. ध्रुवपद आलं की पुढचं सगळं आधीच कळतं. २००९ च्या अल्बमचा सहनिर्माता फिलिप झदार २०१९ मध्ये गेला, आणि इथली निर्मिती बँडने स्वतः केली आहे. अशा जागी ‘हे कडवं काढा’ म्हणणारा बाहेरचा माणूस हवा होता, असं सारखं वाटतं.

फिनिक्स पहिल्यांदाच ऐकत असाल तर आधी २००९ चा अल्बम ऐका, मग हा. उलट क्रमाने गेलात तर ‘टुनाइट’ची मजा निम्मी होईल.