पेटीवर ४८०० न्यूटन-मीटर, आत पाणी न दिलेलं लोखंड

हायवेला टेम्पोच्या फाळक्यावर, ट्रान्सपोर्टनगरच्या तोंडाशी आणि हल्ली मोबाईलवरच्या जाहिरातीत एक पेटी सर्रास विकली जाते. आत हँडल फिरवून चालवायचा गिअरचा पाना असतो, म्हणजे टॉर्क मल्टिप्लायर. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, न्यूटन-मीटर हे त्याचं माप. सोबत ३२ आणि ३३ मिलिमीटरच्या दोन गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) आणि शेजारच्या नटावर टेकवायचा पाय. ‘एका हाताने डंपरचे नट खोला’ असं सांगून ती खपवतात. यंत्राची कल्पना खोटी नाही. चांगल्या पोलादाचा मल्टिप्लायर एकट्या ड्रायव्हरला रात्री घाटात चाक उतरवायला खरोखर उपयोगी पडतो. म्हणूनच त्याच्या नावाखाली खपणारा नकली माल जास्त घातक आहे. तो दुकानात मोडत नाही, गाडी रस्त्यात अडकलेली असताना मोडतो.

फसवणुकीची सुरुवात डेमोपासून होते. विक्रेत्याकडे जुना हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) असतो आणि त्यावरचा नट आधीच तेल लावून ढिला केलेला असतो. हँडल फिरतं, नट फिरतो, बघणाऱ्याला पटतं. खरा आवळलेला नट असा सुटत नाही. आधी हँडल जड होत जातं, टेकवलेला पाय शेजारच्या नटावर दाबला जातो, मग ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि हँडल एकदम हलकं पडतं. डेमोत हा आवाज आला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. ‘माझ्या गाडीच्या मागच्या चाकावर लावून दाखवा’ म्हटलं की विक्रेत्याला घाई सुटते. आणखी एक गोष्ट म्हणजे डेमोचा नग आणि पेटीत बांधून दिलेला नग वेगळा असतो. ज्या नगाने नट खोलून दाखवला तोच घ्या.

पेटीवरचा आकडाही तपासता येतो. बहुतेक पेट्यांवर १:५८ किंवा १:६४ गुणोत्तर आणि ३८००, ४८०० न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. १:५८ म्हणजे नटाचा एक फेरा व्हायला हँडलचे ५८ फेरे. हँडल साधारण २५ सेंटिमीटर असतं. त्यावर १५ किलोचा जोर लावला तर आत जाणारा टॉर्क सुमारे ३७ न्यूटन-मीटर, त्याची ५८ पट म्हणजे २१०० च्या आसपास. गिअरच्या घर्षणात त्यातलाही काही भाग जातो. ४८०० काढायचे तर हँडलवर ३४ किलोच्या आसपास जोर हवा, तोही घर्षण शून्य धरून. मुळात इतक्याची गरजच नाही. मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटर स्टडवरचे (चाक धरणाऱ्या आटेदार दांड्यावरचे) नट साधारण ६०० ते ७०० न्यूटन-मीटरला आवळतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गंजलेला नट सुटताना त्याहून बराच जास्त मागतो, पण ४८०० पर्यंत जायच्या खूप आधी स्टड तुटेल.

खरी लबाडी पोलादात आहे. गॅरेजवर आलेला असा एक पाना उघडला तेव्हा आत दोन टप्प्यांचे तीन-तीन छोटे गिअर होते. त्यांना धरणाऱ्या पिना वाकलेल्या, दात एका बाजूला दाबून चपटे झालेले, ग्रीसमध्ये लोखंडाचा चुरा. एकही दात कडक पोलादासारखा तुटलेला नव्हता, सगळे मेणासारखे वळले होते. गोटी ज्यावर बसते तो बाहेरचा एक इंची चौकोन डोळ्यांना दिसेल इतका पिळला होता. कारण सरळ आहे. पाणी न दिलेल्या, म्हणजे तापवून थंड करून कडक न केलेल्या, साध्या लोखंडाचा एक इंची चौकोन ५०० न्यूटन-मीटरच्या आसपासच पिळायला लागतो, आणि पाऊण इंची तर २०० च्या जरा पुढेच. म्हणजे नट जितका आवळलेला असतो तितकाही भार त्याला सोसत नाही. क्रोम व्हॅनेडियम किंवा क्रोम मॉलिब्डेनमचा, नीट पाणी दिलेला चौकोन यापेक्षा कितीतरी पट सोसतो. वरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, आणि ‘सीआर-व्ही’ (क्रोम व्हॅनेडियम) हा ठसा तर कोणीही मारू शकतो.

त्यामुळे घेताना कानस आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) जवळ ठेवा. गोटीच्या मागच्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, कानस एकदा हलकी ओढा. ती लगेच चावली आणि चमकदार चुरा पडला तर माल मऊ आहे. चांगल्या गोटीवर कानस जोर लावल्याशिवाय लागत नाही. विक्रेता कानस लावू देत नसेल तर माल तिथेच सोडा. मग गोटीचं आतलं माप घ्या. ३२ ची गोटी समोरासमोरच्या पैलूंमध्ये ३२ पेक्षा जेमतेम जास्त भरते, साडेबत्तीसच्या आत. नकली पेटीत दोन्ही गोट्या जवळजवळ एकाच मापाच्या निघतात, फक्त ठसे वेगळे. ३२ च्या नटावर ३३ ची गोटी बसते, पण ती कोपऱ्यांवरच जोर देते, नट गोल होतो आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय गत्यंतर नाही. गोटी सहा पैलूंचीच घ्या. बारा पैलूंची गोटी घासलेल्या नटावर लवकर घसरते.

नटाचं माप गाडीवर मोजून मगच पाना घ्या. हलक्या गाड्यांना २७ किंवा ३० चा नट असू शकतो, मोठ्यांना बहुधा ३२ किंवा ३३ चा. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे मल्टिप्लायर चुकीच्या दिशेने फिरवला तर हाताला काही कळत नाही आणि स्टड तुटून हातात येतो.

याच कारणासाठी मल्टिप्लायर फक्त खोलायला वापरा. त्याने आवळताना हँडलवर १२-१५ न्यूटन-मीटर लावले तरी नटावर ६०० च्या आसपास पोचतात. हात हलकाच राहतो, स्टड मात्र ताणला जातो आणि पुढे रस्त्यात तुटतो. आवळायला टॉर्क रेंच हवा, नट समोरासमोरच्या क्रमाने, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी. खोलतानाही हँडलवर ताण असताना हात सोडू नका, ते उलटं गरकन फिरतं. शेजारच्या नटावर टेकणारा पाय पूर्ण बसला आहे का ते पाहा आणि त्यात बोटं ठेवू नका.

पैसे कमी असतील तर स्वस्त गिअरपेक्षा साधा, घडीव पोलादाचा व्हील पाना आणि मीटर-सव्वा मीटरची जाड टॉमी (पाना फिरवायचा दांडा) केव्हाही बरी. ७५ किलोच्या माणसाने मीटरभर टॉमीच्या टोकाला पूर्ण वजन दिलं की ७३५ न्यूटन-मीटर होतात. आधी स्टडचे बाहेरचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं तेल टाकून वीसेक मिनिटं थांबा, आणि चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा. गॅसच्या ज्वाळेने नट तापवू नका. स्टडचं पाणी उतरतं आणि टायर फुटून जीव जाऊ शकतो.

ऑनलाइन मागवताना पार्सलच्या लेबलवरचं वजन पाहा. एक इंची मल्टिप्लायरची पूर्ण पेटी सात-आठ किलोच्या घरात जाते. लेबलवर तीन किलो असेल तर पैसे देण्याआधीच परत पाठवा. पार्सल उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. पेटीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि आयात माल असेल तर मूळ देश छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. नाशिकच्या टपारियासारख्या जुन्या कंपन्यांचा माल म्हणून काही देत असतील तर भाग क्रमांक कंपनीच्या किंमत यादीशी ताडून पाहा. बिल पक्कंच मागा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. पाने आणि गोट्यांचा एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाच्या वर्गाचा क्रमांक, ८२०४. बिलावर भलताच क्रमांक असेल तर बिलही बनावट असण्याची शक्यता मोठी.

फसलाच असाल तर तुटलेला नग फेकू नका, वेल्डिंग तर मुळीच करू नका, कारण तोच पुरावा आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन गेले आणि माल आलाच नाही तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार आयोग ऐकत नाही, याला अपवाद पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याचा. म्हणून एक-दोन गाड्यांच्या ड्रायव्हर-मालकाने तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं की गाडी स्वतः चालवतो आणि घर तिच्यावर चालतं, आणि सोबत लायसन्स व आरसीच्या प्रती जोडाव्यात.